लिलांवाचा पुकारा

माझ्या आजच्या भाषणाचा विषय इतिहासाचा असला, तरी त्यांत लढाया फारशा नाहींत आणि तहनामे तर मुळींच नाहींत. जुनीं कपाटें, पलंग, पितळी भांडीं, बागेंतल्या झाऱ्या, कुंड्या आणि बाकें यांचा हा इतिहास आहे. आणि तोही तीं दुकानांतून नवीं कोरीं आणलीं जातात त्या वेळचा नव्हे, तर एका घरांतून उठून, चारचौघांत बोलीवर चढून, दुसऱ्या घरीं जातात त्या वेळचा.

आमच्या घराच्या मागील अंगणांत पेरूच्या झाडाखालीं एक लोखंडी बाक आहे. त्याचे हात द्राक्षवेलीच्या आकाराचे ओतलेले असून बसण्याच्या फळ्या सागवानी आहेत. त्या फळ्या आजवर दोनदां बदलल्या; लोखंड मात्र मूळचेंच आहे. माझ्या आजोबांनीं हें बाक १९४७ सालीं पुणें लष्करांतील एका बंगल्याच्या आवारांत झालेल्या लिलांवांत साडेसात रुपयांस घेतलें. बंगल्यांतील गोरा साहेब कायमचा विलायतेस चालला होता, आणि त्याचें सर्व सामान हिरवळीवर मांडून विकावयास काढलें होतें. आजोबा कारकून. टेबलें, आरसे, पियानो हीं त्यांच्या आवाक्यांतलीं नव्हतीं. त्यांनीं बाक, दोन जस्ती झाऱ्या आणि डझनभर कुंड्या घेतल्या.

हातगाडी दारांत उभी राहिली तेव्हां आजीनें सामान उतरूं दिलें नाहीं. ती उंबऱ्यांत उभी राहून म्हणाली, "अहो, आधीं एवढें सांगा, विकणारा हंसत होता कीं रडत होता?" आजोबा म्हणाले, "हंसत नव्हता आणि रडतही नव्हता. पण मडमेनें झारीचें पितळी तोंड हरवूं नये म्हणून वेगळें कागदांत बांधून माझ्या हातीं दिलें, आणि कोणत्या रोपाला किती पाणी लागतें तें बटलराकडून सांगविलें." यावर आजी म्हणाली, "मग असूं द्या. शापाचें दिसत नाहीं."

ही हकीकत मीं लहानपणीं आजीच्याच तोंडून अनेकदां ऐकली. तेव्हां तिच्या प्रश्नाचें मला हसूं येई. पुढें सदतीस वर्षें मुलांना इतिहास शिकविल्यावर माझें मत बदललें. लिलांवाचा इतिहास जसजसा वाचीत गेलों, तसतसें मला दिसूं लागलें कीं, विकणारा कोण आणि तो कोणाच्या इच्छेनें विकतो हा प्रश्न टाळून या विषयांत पुढें जातां येत नाहीं.

प्रथम शब्दाकडे वळूं. ‘लिलांव’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या गलबतांतून आला. त्यांच्या भाषेंतील शब्दाच्या अखेरीस नाकांतला उच्चार आहे. मराठीनें तो अनुस्वाराच्या रूपानें राखला. हिंदींत त्याचा मकार होऊन ‘नीलाम’ झालें आणि गुजरातींत ‘लिलाम’. परंतु पोर्तुगीजांनींही तो शब्द उसना घेतलेला होता. त्यांच्या देशांत कित्येक शतकें अरबांचा अंमल होता, आणि अरबी भाषेंत ‘अल्-इअलाम’ म्हणजे जाहीर करणें, सर्वांस कळविणें. ज्या धातूपासून हा शब्द निघाला त्याच धातूपासून इल्म, तालीम आणि मालूम हे आपल्या ओळखीचे शब्द निघाले आहेत. जन्मभर तालीम देण्याचें काम केलेल्या माझ्यासारख्या मास्तराला हें नातें कळलें तेव्हां गंमत वाटली. विदर्भांत आणि मराठवाड्यांत धान्याच्या बाजारीं ‘हर्रास’ हा शब्द चालतो; तोही मूळचा अरबीच. या शब्दांच्या मुळाशीं किंमत नाहीं, नफा नाहीं, पुकारा आहे. दहाजणांच्या कानांवर जावें अशा रीतीनें जी वस्तु विकली जाते ती लिलांवांत विकली गेली.

लॅटिन भाषेंत लिलांवासाठीं जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘वाढविणें’ असा होतो. रोमन लोक लढाईंतली लूट जमिनींत भाला रोवून त्याच्याखालीं विकीत, आणि पुढें सरकारी विक्रीची खूण म्हणून तो भाला कायम राहिला. रोमच्या इतिहासांत लिलांवाच्या तीन गोष्टी प्रसिद्ध आहेत. पहिली कॅलिगुला बादशहाची. खेळांतून उरलेले पहेलवान तो स्वतः उभा राहून विकीत असतां एका सरदाराला बांकावर डुलकी लागली. बादशहानें पुकारणाऱ्यास सांगितलें कीं, हा गृहस्थ मान हालवून होकार देत आहे, तिकडे दुर्लक्ष करूं नकोस. बिचारा जागा झाला तेव्हां तेरा पहेलवान नव्वद लाख नाण्यांस त्याच्या गळ्यांत पडले होते. ह्याच बादशहानें गॉल प्रांतांत विकण्यासाठीं रोमच्या राजवाड्यांतलें जुनें सामान मागविलें, आणि त्याच्या वाहतुकीसाठीं शहरांतल्या गाड्या व पिठाच्या चक्क्यांचीं जनावरें ओढून नेल्यामुळें रोमच्या लोकांना पावाची टंचाई सोसावी लागली. दुसरी गोष्ट इसवी सन १९३ मधली. बादशहाच्या शरीररक्षक फौजेनें बादशहाला मारलें आणि साम्राज्यच बोलीवर चढविलें. दिडिअस ज्युलिअनस नांवाच्या श्रीमंत मनुष्यानें दर शिपायास २५,००० नाणीं देऊं करून तें घेतलें. सहासष्ट दिवसांनीं त्याचा वध झाला.

तिसरी गोष्ट मार्कस ऑरेलिअसची. सीमेवरच्या लढाईसाठीं पैसा हवा होता आणि प्रांतांवर नवा कर बसविण्यास त्याचें मन घेईना. तेव्हां त्यानें राजवाड्यांतले सोन्याचे व स्फटिकाचे पेले, जवाहीर, आणि बायकोचीं रेशमी जरीचीं वस्त्रेंसुद्धां भर चौकांत मांडून दोन महिने लिलांव चालविला. लढाई संपल्यावर त्यानें जाहीर केलें कीं, ज्यांस वस्तु परत करावयाच्या असतील त्यांनीं कराव्या आणि आपले पैसे घ्यावे. ज्यांस ठेवावयाच्या असतील त्यांच्यावर सक्ति नाहीं. आजीचा प्रश्न या दोन बादशहांना विचारून पाहावा, म्हणजे एकाच कृत्याचीं दोन रूपें दिसतात.

आतां आपल्या किनाऱ्यावर येऊं. १५८३ सालीं यान हुइघेन व्हान लिन्स्खोटेन नांवाचा एक डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपाचा चिटणीस म्हणून तेथें आला. सुमारें पांच वर्षें राहून तो परतला आणि १५९६ सालीं त्यानें आपला प्रवासवृत्तान्त छापला. जुन्या गोव्याच्या लिलांवाचें त्यानें केलेलें वर्णन इतकें तपशीलवार आहे कीं, वाचतांना आपण त्या रस्त्यांत उभे आहों असें वाटतें. शहराच्या मुख्य रस्त्याला ‘रुआ दिरैता’ म्हणजे सरळ रस्ता म्हणत. रविवार आणि सणवार सोडून रोज सकाळीं सातपासून नऊपर्यंत, ऊन चढण्याच्या आंत, तेथें लिलांव भरे. शहरानें नेमलेले पुकारे अंगावर सोन्याच्या सांखळ्या, मोत्यांचे सर, आंगठ्या आणि हिरेमाणकें लटकावून गर्दीतून फिरत. विकाऊ माल म्हणजे त्यांचा पोषाखच. अरबी घोडे, मसाले, औषधी, सुगंधी डिंक, गालिचे, खंबायत, सिंध, बंगाल आणि चीन येथील नवलाईच्या वस्तू, सर्व कांहीं तेथें मिळे.

पण माझ्या विषयाशीं संबंध येतो तो पुढल्या भागाचा. लिन्स्खोटेन सांगतो कीं, गांवांत कोणीही मेला तर त्याचें सर्व घरसामान, अगदीं शेवटच्या कवडीच्या वस्तूपर्यंत, ह्या लिलांवांत आणून विकीत. तो मनुष्य व्हाइसरॉय असला तरी सुटका नसे. आणि हें कशासाठीं? विधवा आणि पोरकीं मुलें यांना न्याय मिळावा म्हणून. गोव्यांत मेलेल्या मनुष्याचे वारस पुष्कळदां लिस्बनला असत. मधला समुद्रप्रवास सहा महिन्यांचा किंवा त्याहून अधिक. तोंपर्यंत पलंगाला वाळवी लागावी, कपड्यांना कसर लागावी आणि चांदीच्या भांड्यांना पाय फुटावे! म्हणून सामानाचा पैसा करावयाचा, त्याची नोंद ठेवावयाची, आणि तो पैसा घरीं पोंचवावयाचा. मृतांच्या मालमत्तेसाठीं तेथें स्वतंत्र अधिकारी असे, आणि मिझेरिकॉर्दिया ही धर्मादाय संस्थाही हें काम पाही. वस्तु उघड्यावर विकली म्हणजे कोणा एका मित्रानें ती पडत्या किमतींत गिळली असें म्हणावयास जागा राहत नसे.

पुकाऱ्यांत न्याय कसा असतो हें आपल्या बाजारांतल्या एका जुन्या चालीवरून चांगलें समजेल. पूर्वीं गुरांच्या आणि शेतमालाच्या बाजारीं रुमालाखालचा सौदा चाले. दलाल आणि गिऱ्हाईक एका फडक्याखालीं हात घालून बोटें दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल, तो शेतकरी बाजूला उभा राहून नुसतें फडकें हालतांना पाही. पुढें नियंत्रित बाजारांचे कायदे झाले त्यांनीं ही चाल बंद करून उघड लिलांव आणला. ज्याचा माल त्याच्या कानांवर किंमत पडली पाहिजे, एवढीच त्यांतली साधी गोष्ट.

मात्र रुआ दिरैताचें चित्र येथेंच संपविलें तर तें खोटें होईल. त्याच रस्त्यांत, त्याच पुकाऱ्यांच्या पाठीमागून, बायका, पुरुष आणि मुलें विक्रीसाठीं फिरविलीं जात. आपल्याकडे गुरें विकतात तशीं तेथें माणसें विकतात, असें त्या डच प्रवाशानेंच नमूद केलें आहे. पोर्तुगीज मुलखांत गुलामगिरी रद्द करणारा हुकूम निघण्यास १८६९ साल उजाडलें. विधवेच्या पलंगाची वाजवी किंमत यावी म्हणून जागणारी सरकारी बुद्धि शेजारीं उभ्या असलेल्या माणसाविषयीं निजलेली राहिली. पुकारा उघड असला म्हणजे विक्री न्यायाची झालीच, असें यावरून म्हणतां येत नाहीं.

इंग्रजांच्या जहाजांवरही मृताचें सामान विकण्याची अशीच रीत होती. खलाशी वारला कीं त्याची पेटी मोठ्या डोलकाठीजवळ आणून कपडे, चाकू, बूट हें सर्व सोबत्यांत लिलांवानें विकीत आणि पैसा घरीं धाडीत. सदऱ्याच्या लायकीहून कितीतरी जास्त बोली सोबती मुद्दाम बोलत असत. कारण तो पैसा कोणाच्या हातीं जाणार हें त्यांना ठाऊक होतें. ही रीत त्यांनीं मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथेंही आणली. १७२६ च्या सनदेनें या तिन्ही शहरीं मेयरचीं न्यायालयें स्थापन झालीं, तेव्हांपासून मृत युरोपियनांच्या सामानाच्या याद्या आणि विक्रीचे हिशेब पद्धतशीर ठेवले जाऊं लागले. त्यांतले पुष्कळ कागद लंडनला सुरक्षित आहेत. कोणत्या वस्तूला किती आले आणि ती कोणी घेतली, हें त्यांत ओळीनें लिहिलेलें असे. राजेरजवाड्यांच्या बखरींत जें सांपडत नाहीं तें येथें सांपडतें: मनुष्याच्या घरांत खुर्च्या किती होत्या, तो कशांत जेवत होता, आणि मेल्यावर त्याची छत्री कोणी घेतली. पुढें कलकत्त्यास लिलांवाचीं मोठीं घरेंच निघालीं. रसेल स्ट्रीटवर १९४० सालीं निघालेलें रसेल एक्सचेंज हें त्या परंपरेंतलें शेवटच्या कांहीं घरांपैकीं एक म्हणून एकविसाव्या शतकांतही प्रसिद्ध होतें.

बोली संपली हें ठरवावयाचें कसें? सतराव्या शतकांत लंडनला मेणबत्तीचा लिलांव चाले. बोटभर मेणबत्ती पेटवीत आणि ज्योत विझण्यापूर्वींची शेवटची बोली खरी धरीत. सॅम्युएल पेपिस हा आरमार खात्याचा अधिकारी आपल्या १६६२ च्या रोजनिशींत एका धूर्त गिऱ्हाइकाची गोष्ट सांगतो. त्याची बोली नेहमींच शेवटची ठरे. त्याचें रहस्य एवढेंच कीं, ज्योत विझण्याच्या क्षणीं धूर खालीं वळतो हें त्यानें हेरून ठेवलें होतें. पुढें मेणबत्ती गेली आणि हातोडी आली. १७८९ सालीं इंग्लंडांत पेन विरुद्ध केव्ह हा खटला झाला. दारू गाळण्याचें जुनें पीप आणि त्यांतली कथलाच्या मिश्र धातूची नळी लिलांवास निघाली होती. एकानें ४० पौंड बोली केली. नळीचें वजन लिहून देण्यास लिलांववाला तयार होईना, तेव्हां हातोडी पडण्यापूर्वींच त्यानें ती मागें घेतली. मग माल ३० पौंडांस गेला आणि उरलेल्या दहा पौंडांची फिर्याद झाली. न्यायालयानें ठरविलें कीं, बोली म्हणजे नुसती मागणी. हातोडी पडेपर्यंत कोणीच बांधला जात नाहीं. आपल्या १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यांतील ६४ वें कलम हेंच सांगतें. त्यांत आणखी एक मोलाची गोष्ट आहे. विकणाऱ्यानें किंमत चढविण्यासाठीं आपलाच मनुष्य गर्दींत उभा करून खोटी बोली करविली, तर घेणाऱ्यास तो सौदा मोडतां येतो. उलट बाजूची लबाडी गिऱ्हाइकांची. चारपांच व्यापारी संगनमत करून आपसांत बोलतच नाहींत, एकजण माल मातीमोलानें घेतो, आणि मागाहून ते खाजगींत दुसरा लिलांव करून फायदा वांटून घेतात. इंग्लंडांत त्याविरुद्ध १९२७ सालीं कायदा करावा लागला.

आतां जो लिलांव आठवला कीं मन खिन्न होतें त्याकडे येतों. ११ डिसेंबर १८५३ रोजीं नागपुरास तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. लॉर्ड डलहौसीनें राज्य खालसा केलें. राज्य गेलें तें गेलें. त्यानंतर वाड्यांतल्या सामानाची पाळी आली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीस नेऊन लिलांवानें विकले. वाड्यांतलें सामान हालवूं लागले तेव्हां दुसऱ्या रघूजींच्या वृद्ध विधवा बांकाबाई, त्यांनीं निक्षून सांगितलें कीं, सामानाला हात लावाल तर वाड्याला आग लावीन. सामान गेलेंच. भोसल्यांचें जवाहीर, थोडें वगळून, कलकत्त्याच्या बाजारीं रवाना झालें. हा पैसा भोसले घराण्याच्याच पोषणासाठीं निराळा ठेवावयाचा, अशी सरकारची भूमिका होती. आणि कागदोपत्रीं ती गोव्याच्या विधवांसाठीं चालणाऱ्या लिलांवाहून फार निराळी दिसत नाहीं. परंतु गोव्यांत धनी मेलेला असे आणि वारस समुद्रापार. येथें धनीण जिवंत होती, डोळ्यांदेखत उभी होती, आणि नको म्हणत होती. सत्तावनच्या बंडाचा इतिहास लिहिणारा इंग्रज ग्रंथकार के हाच सांगतो कीं, राज्य घेतल्यानें लोकांचीं मनें दुखावलीं त्याहून ह्या विक्रीनें अधिक दुखावलीं. यांत आश्चर्य करण्याजोगें कांहीं नाहीं. राज्य म्हणजे काय तें शेतकऱ्याला लांबून कळतें. म्हातारीच्या घरांतून पलंग बाहेर काढणें म्हणजे काय तें त्याला फार जवळून कळतें.

कारण तें त्याच्या घरींही घडत होतें. सावकाराचा हुकूमनामा, जप्ती आणि दवंडी हीं त्या काळच्या दक्षिणेंतील खेड्यांत नित्याचीं झालीं होतीं. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें दंगा उसळला आणि पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा मुख्य रोंख सावकारांच्या कर्जखतांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. तीं हातीं येतांच जाळलीं जात. १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. आणि १९०८ च्या दिवाणी व्यवहार संहितेच्या ६० व्या कलमांत एक यादी आली. मला वाटतें, ती यादी शाळांतून मुलांस वाचून दाखवावी. ऋणकोचे, त्याच्या बायकोचे व मुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, पलंग आणि अंथरूण-पांघरूण जप्त करतां येत नाहीं. कारागिराचीं हत्यारें आणि शेतकऱ्याचीं अवजारें घेतां येत नाहींत. धर्मरीतीप्रमाणें जो दागिना स्त्रीला अंगावेगळा करतां येत नाहीं तोही घेतां येत नाहीं. म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र. लिलांवाचा पुकारा घराच्या कोणत्या उंबऱ्याशीं थांबला पाहिजे, तो उंबरा येथें कायद्यानें आंखून दिला.

महायुद्ध १९४५ सालीं संपलें आणि दोन वर्षांनीं इंग्रज गेला. त्या काळांत घरसामानाचा आणि बागसामानाचा असा पूर पुण्यामुंबईंत आला कीं, मध्यमवर्गीय घरांचें रूपच पालटलें. एकीकडे सरकारच्या डिस्पोजल खात्यानें लष्कराच्या खाटा, तंबू, पाण्याचीं पिंपें विकावयास काढलीं. दुसरीकडे बंगले रिकामे होऊं लागले. ज्यांच्या घरीं तोंपर्यंत पाट आणि चटई होती, त्यांच्याकडे वेताच्या खुर्च्या आणि आरशाचें कपाट आलें. मुंबईच्या चोरबाजारांत आणि पुण्याच्या जुन्या बाजारांत त्या सामानाची पुढें अनेक वर्षें उलाढाल चालली. लिलांव तेव्हांपासून बंद पडले नाहींत. नवे मार्ग निघाले. १९९५ सालीं अमेरिकेंत संगणकावरून लिलांव करणारी ईबे ही पेढी निघाली, आणि तिच्यावर विकली गेलेली पहिली वस्तु म्हणजे एक मोडका प्रकाशदर्शक होता असें सांगतात. मोडक्या वस्तूलाही कोणी तरी धनी मिळतो, हा लिलांवाचा जुनाच अनुभव.

ज्यांना अशा लिलांवास जावयाचें असेल त्यांच्यासाठीं, ठेचा खाऊन शिकलेल्या चार गोष्टी सांगतों. माल आदल्या दिवशीं पाहावा, बोलीच्या दिवशीं नव्हे. लांकडी वस्तु उलटी करून पाहावी. बारीक भोंकांतून पिठासारखी पूड गळत असेल तर किडा जिवंत आहे. मातीची कुंडी बोटाच्या पेरानें वाजवून पाहावी. खणखणीत आवाज आला तर ती साबूत, बद्द आला तर चीर गेलेली. झारी उन्हाकडे धरून आंत पाहावें, म्हणजे जस्ताला पडलेलीं छिद्रें चांदण्यांसारखीं दिसतात. बंब घेतांना सांधे पाहावे. ‘जसें आहे, जेथें आहे’ हे शब्द कानांवर पडले कीं, हातगाडीचें भाडें किमतींत धरावें. आणि मुख्य म्हणजे, आपली शेवटची रक्कम घरून कागदावर लिहून न्यावी. कारण शेजाऱ्यानें बोली चढविली कीं आपण वस्तु विसरतों आणि शेजाऱ्याशीं लढूं लागतों.

ही शेवटची गोष्ट मीं पाळली नाहीं, म्हणून तीही सांगून टाकतों. शाळेंतून निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षीं एका गांवीं जुना वाडा पाडावयाचा होता. भावाभावांत भांड्यांच्या वांटणीवर एकमत होईना, म्हणून त्यांनीं सर्व सामान उघड लिलांवांत काढलें. पितळेच्या भांड्यांचा एक ढीग निघाला. मोडीच्या व्यापाऱ्याशीं माझी चुरस लागली आणि मीं ठरविल्याहून दीडपट पैसे देऊन तो ढीग घेतला. मनांत जिंकल्याचा आनंद होता. भांडीं पोत्यांत भरतांना एका तांब्यावर नांव कोरलेलें दिसलें. आपल्याकडे लग्नांत भांडें देतांना नांव घालतात, तसें तें होतें. देणाऱ्या मामाचें नांव, मुलीचें नांव आणि शके. एवढ्यांत एक सत्तरीच्या बाई जवळ आल्या. त्या भावांच्या बहीण. त्यांनीं एकही बोली केली नव्हती. त्यांनीं तांब्यावरून नुसता हात फिरविला आणि म्हणाल्या, "गुरुजी, याच्या गळ्याला एक पोंचा आहे, बघून घ्या हो. मागाहून फसल्यासारखें नको वाटायला." त्यांनीं तांब्या मागितला नाहीं. माल माझा झाला होता, हातोडी पडली होती, आणि ६४ वें कलम माझ्या बाजूला होतें.

मीं तांब्या त्यांच्या हातांत ठेवला. त्या नको म्हणाल्या. मी म्हणालों, "ताई, पोंचा पडलेली वस्तु मला नको." तेव्हां त्यांनीं घेतला, पदरानें पुसला, आणि मागें न पाहतां निघून गेल्या. उरलेलीं भांडीं मीं घरीं आणलीं. तीं आज वापरांत आहेत, आणि त्यांवरहि नांवें आहेत. पण त्यांना विचारणारें कोणी आलें नाहीं.

घरीं आल्यावर मी अंगणांतल्या बाकावर बराच वेळ बसून राहिलों. आजी असती तर तिनें उंबऱ्यांतच अडवून विचारलें असतें. आणि त्या दिवशीं मला तिला खरें उत्तर देतां आलें असतें कीं, विकणारे हंसत होते, रडणारीला मात्र कोणी विचारलेंच नव्हतें. श्रोते हो, लिलांवांत जरूर जा. जुनी वस्तु स्वस्त मिळते, टिकाऊ असते, आणि टाकून देण्यापेक्षां ती दुसऱ्या घरीं नांदावी हें चांगलेंच. एवढेंच करा, कीं बोली करण्यापूर्वीं एकवार गर्दीकडे पाहा. जो मनुष्य बोलत नाहीं, पण एखाद्या वस्तूवरून ज्याची नजर हालत नाहीं, त्याच्याकडे पाहा. मग आपला आंकडा पुकारा.